एकट्याची कंपनी

माझ्या ऑफिसातला एसी भागोजी मांडवकरने बसवलेला आहे. भागोजी गेला, एसी अजून चालतो. उन्हाळ्यात घामाने कागद हाताला चिकटतात, तेव्हा येणारा प्रत्येक जण म्हणतो, "दीपकभाऊ, तुमच्याकडे काय गार वाटतं हो!" मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.

शहरात साळवी स्टॉपला पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. एकवीस वर्षं विम्याची एजन्सी करतोय. गाड्या, दुकानं, बोटी, कारखाने, सगळ्यांचे विमे. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवली आहे की बायको मला घरीसुद्धा त्यावरून चिडवते. पण खरं सांगू? गोठ्याला झोपा कोणालाच नको असतो. झोपा केल्याची पावती हवी असते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही मोठ्या कारखान्यात कंत्राटदाराने गेटवर कामगारांच्या विम्याची प्रत दाखवल्याशिवाय वॉचमन आत सोडत नाही. त्यामुळे माझी निम्मी गिऱ्हाइकं विमा काढत नाहीत, गेट उघडतात. आम्ही आपसात त्याला गेटपास पॉलिसीच म्हणतो, आणि म्हणताना हसतो.

भागोजी पावस गावचा. मुंबईत पंधरा वर्षं शीतगृहांची कामं केली आणि आईचं वय झालं म्हणून गावी आला. मोजकं बोलणारा, शर्ट पँटमध्ये खोचलेला, कानावर पेन्सिल. कॉम्प्रेसरला नुसता हात लावून त्याचं दुखणं सांगायचा. आंब्याचा पल्प साठवणाऱ्या एका कारखान्याने त्याला वर्षाचं काम देऊ केलं, पण अट घातली की आम्ही माणसाला काम देत नाही, कंपनीला देतो. मग भागोजीने सीएकडून कंपनी काढून घेतली. कायद्यात एकट्या माणसाला कंपनी काढायची सोय आहे, फक्त आपल्या माघारी ती कोणाची, ते नाव आधीच द्यावं लागतं. त्याने बायकोचं, तुळसाचं, नाव दिलं. मांडवकर कूलिंग प्रायव्हेट लिमिटेड. मालक भागोजी, डायरेक्टर भागोजी, मेकॅनिक भागोजी, कॉइल धुणाराही भागोजीच.

"मीटिंग घ्यायची तर आरशासमोर बसायला हवं," तो मला म्हणाला होता. त्याने केलेला एवढाच एक विनोद मला आठवतो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी साडेदहाला तो आला. कारखान्याचा हंगाम सुरू होत होता, बारा वाजेपर्यंत गेटवर विम्याची प्रत पोचवायची होती. मी कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला.

"मालक कोण?"

"मी."

"कामगार किती?"

"मीच की ओ."

"अरे, मालकाच्या रकान्यात तुझं नाव आलं. कामगारांची यादी रिकामी ठेवली तर पुढे सरकत नाही हे. कोणाचं तरी नाव सांग."

त्याला ते पटलं नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पन दुसरा कोन कामाला नायच हाय. मी एकटाच चढतो, एकटाच उतरतो."

"सगळे असंच करतात रे. कोणी मेव्हण्याचं घालतो, कोणी बायकोचं. गेटवर कोण बघायला बसलंय?"

खोटं नव्हतं ते. माझ्या फाइलींमध्ये निम्म्या जिल्ह्याच्या बायका वेल्डर आणि गवंडी म्हणून नोंदलेल्या आहेत. मी टाइप केलं, तुळसा भागोजी मांडवकर, मदतनीस. वास्तविक त्याला कंपनीचा पगारी माणूस म्हणून यादीत धरता येईल का, हे वरच्या ऑफिसला फोन करून विचारायला हवं होतं. पण फोनवर दुसराच माणूस होता. त्याच्या गाडीचा बंपर गेला होता आणि तो माझं डोकं खात होता.

तेवढ्यात भागोजीने विचारलं, "म्हंजे माझा विमा झाला ना ओ? कंपनीचा म्हंजे माझाच ना?"

देवळात गाऱ्हाणं घालताना मागची मंडळी कशी, पुढचा काय मागतोय ते न ऐकताच, 'होय महाराजा' म्हणत असतात? तसा मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "हो हो, झालं."

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. मालकाला स्वतःसाठी वेगळा अपघात विमा हवा आहे का? होय किंवा नको. तो विचारायचा म्हणजे समजावून सांगायचं, मग तो दर विचारणार, मग दहा मिनिटं जाणार. मी 'नको'वर खूण केली आणि कागद छापून त्याच्यापुढे सरकवला. त्याने न वाचता सही केली. वाचलं नाही, कारण मी समोर बसलो होतो. एकवीस वर्षांत मी लोकांना हीच सवय लावली आहे.

जाता जाता त्याने वर एसीकडे पाहिलं. "फिल्टर भरलाय तुमचा," म्हणाला. बारा वाजायला आले होते तरी खुर्चीवर चढून त्याने फिल्टर काढला, बेसिनमध्ये धुतला, परत बसवला. पैसे विचारले तर हात जोडून जिना उतरला.

एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, त्या कारखान्याच्या छपरावर कंडेन्सर साफ करताना त्याच्या पायाखालचा सिमेंटचा पत्रा फुटला. खाली काँक्रीट होतं. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कारखान्याने माणसं पाठवली, हार पाठवला, आणि बाराव्याच्या आत एक पत्रही पाठवलं. पत्र सभ्य होतं. कै. मांडवकर हे आमचे कामगार नसून एका स्वतंत्र कंपनीचे डायरेक्टर होते, सबब त्यांच्या सुरक्षेची आणि भरपाईची जबाबदारी त्यांच्या कंपनीची आहे. आता ही कंपनी कोण? कायद्याने ती भागोजीच्या माघारी तुळसाची झाली होती. म्हणजे मेलेल्याच्या बायकोने भरपाई मागायची ती मालकाकडे, आणि मालक तीच. मी हे पत्र वाचून डोक्याला हात लावला होता.

महिन्याभराने ती माझ्याकडे आली. बरोबर सासू, जनीआजी. तुळसा अडतिशीची असेल. पॉलिसीची प्रत तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. आमच्या विमा कंपनीने दावा नाकारला होता, कारण यादीत भागोजीचं नाव नव्हतं.

"माझं नाव हाय," ती म्हणाली. "मी घरात भात शिजवत होते, तर माझा विमा. न हे वर चढलेले, तर ह्यांचा नाय. असं कसं ओ भाऊ?"

त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. मी घाबरलो. परवाना जाईल, एकवीस वर्षांचं नाव जाईल, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"वहिनी, मी त्याला सांगितलं होतं," मी म्हणालो. "स्वतःचा वेगळा अपघात विमा घे, चार पैसे जास्त जातील. तर म्हणाला, कशाला ओ फुकटचा खर्च, मी काय पडतोय? ही बघा खूण. ही त्याची सही."

मेलेल्या माणसाच्या तोंडी मी वाक्य घातलं, तेही त्याच्या हेलात. तुळसा त्या सहीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. दुःख होतं तिथे राग आला.

"फुकटचा खर्च," ती सासूकडे न बघता म्हणाली. "बायको-पोरीसाठी फुकटचा खर्च."

जनीआजी काहीतरी बोलायला गेली, पण तुळसा उठून जिन्याशी पोचली होती. मी सुटलो. सुटल्याचा आनंदही झाला मला, हे लपवत नाही. किळस नंतर आली.

ती किळस आली पितृपक्षात. कंपनी तुळसाच्या नावावर होण्याच्या कागदांवर सह्या हव्या होत्या. सीएचा माणूस आजारी होता, मी म्हटलं मी नेतो. का म्हटलं कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पावसला त्यांचं घर रस्त्यापासून थोडं खाली, पुढे कुंपणाला चिऱ्यांचा गडगा. ओटीवर बसलो. भिंतीवर भागोजीच्या वडिलांचा फोटो होता, शेजारची जागा मोकळी होती.

तुळसा सह्या करून आत गेली, तशी जनीआजी माझ्याजवळ सरकली. "काल त्याची तिथ होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तुळसा त्याच्या नावाची वाडी ठेवूक तयार नव्हती रे. मीच भात लावला, मीच कावळ्याला घातला. म्हनते, ज्यानं पोरीचा इचार केलान नाय, त्याच्यासाठी मी कशाला रांधू? फोटो करून आनलेला, तो कपाटात उपडा घालून ठेवलान हाय."

आतून सानवी, त्याची दहावीतली पोरगी, पाणी घेऊन आली. तांब्या ठेवताना म्हणाली, "आजी, आता काय उपयोग. बाबांना तेव्हाच अक्कल यायला हवी होती."

पंधरा वर्षांची पोर. ज्या बापाने एकट्याने कंपनी काढून तिची फी भरली, त्याच्याबद्दल बोलत होती. ते वाक्य मी शिकवलं होतं तिला, पावसपासून सतरा किलोमीटरवर, गार हवेत बसून. तरीही मी खरं सांगितलं नाही. कागद गोळा केले आणि गाडी काढली.

या एप्रिलमध्ये पॉलिसीची मुदत संपत आली. मला वाटलं होतं तुळसा कंपनी बंद करेल. पण एका सकाळी ती जिना चढून आली. तिचा भाऊ सागर आयटीआय झालेला, नाटे गावातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. तो आता तिच्याकडे येणार होता. पल्पवाल्यांनी काम चालू ठेवलं होतं, कारण कंपनीचं नाव त्यांच्या यादीत होतंच. विम्याची नवी प्रत गेटवर दिली की झालं.

"मालक?" मी सवयीने विचारलं आणि तिथेच अडखळलो.

"मीच आता," ती म्हणाली. "कामगार सागर. त्याचं नाव नीट घाला, आईबापाच्या नावासकट."

मी घातलं. तिला नाव तपासता यावं म्हणून फॉर्म छापून टेबलावर ठेवला. ती एसीकडे बघत होती. "ह्यांनीच बसवलानी ना हा?"

"हो."

"सागर गॅसचं बघेल. कॉइल धुवायला मी चढते. ह्या महिन्यात दोनदा चढले. पहिल्यांदा पाय कापत होते." मग तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "भाऊ, मी पडले तर? मला मिळंल ना? कंपनीचा विमा म्हंजे माझाच ना?"

शब्द तेच होते. तिला ठाऊक नव्हतं की तेच आहेत. तिने भागोजीकडून ते ऐकले नव्हते, ऐकले असते तर ती असं सरळ माझ्याकडे बघून बोलली नसती. आज फोनवर कोणी नव्हतं. माझ्याजवळ कसलीच सबब नव्हती. 'हो हो' म्हटलं असतं तर ती उठून गेली असती, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पत्र्यांवर चढली असती.

"नाही," मी म्हणालो. "नाही मिळणार. यादीत सागर आहे, तुम्ही नाही. तुमचा वेगळा काढावा लागेल."

तिने फॉर्मवरच्या सागरच्या नावाकडे पाहिलं. एकेक गोष्ट जोडत असावी.

"मी विचारलं म्हनून तुमी सांगितलात," ती सावकाश म्हणाली. "नायतर?"

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"ह्यांनी विचारलानी होतं?"

"हो."

"काय विचारलानी?"

"तुम्ही आत्ता विचारलंत तेच. अगदी हेच."

"तुमी काय सांगितलात?"

"हो म्हणालो. मी फोनवर होतो. लक्ष नव्हतं माझं." मग थांबता येईना. "वेगळ्या विम्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं वहिनी. ती खूण माझी आहे. फुकटचा खर्च हे वाक्य माझं आहे. तो बिचारा असं काही बोलला नाही."

मला वाटलं ती ओरडेल, चप्पल काढेल. काढली असती तर बरं वाटलं असतं मला. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"दहा महिने," ती म्हणाली. "दहा महिने मी त्यांच्याशी भांडतेय. जेवताना भांडतेय, भांडी घासताना भांडतेय. वाडी ठेवली नाय मी."

"तुम्ही विमा लोकपालाकडे तक्रार करा," मी म्हणालो. "मी लेखी देतो, सहीनिशी. काय होईल सांगता येत नाही, पण मी देतो."

"ते मी मागाहून बघीन." तिने फॉर्म स्वतःकडे ओढला, मग परत माझ्यापुढे ढकलला. "वाचा. पहिल्यापासून. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचा, न मी सांगीन तेवढंच लिवा."

मी वाचत गेलो. एकवीस वर्षांत तो फॉर्म मी पहिल्यांदाच पूर्ण वाचला. काही प्रश्नांचा अर्थ तिने विचारला आणि दोन ठिकाणी मलाच सांगता आला नाही, वरच्या ऑफिसला फोन करावा लागला. शेवटच्या पानावरचा, मालकाच्या वेगळ्या विम्याचा प्रश्नही वाचला. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि 'होय'वर स्वतः खूण केली.

सही झाल्यावर म्हणाली, "गाडी हाय ना तुमची? चला."

"कुठे?"

"घरी. हेच सानवीला न आईंना सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, मी आता नवऱ्याची बाजू घेतेय. तुमच्या तोंडानं गेलं, तुमच्याच तोंडानं येऊ दे."

मी एसी बंद केला, कुलूप लावलं. पावसपर्यंत ती मागच्या सीटवर बसली होती. बागांमधून आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो निघाले होते, त्यांच्या मागे मागे आम्ही रांगत चाललो. रस्ता कधीच संपू नये असं मला वाटत होतं.

जनीआजी ओटीवर आमसुलं निवडत होती. सानवीची परीक्षा झाली होती, ती दारात केस विंचरत होती. तुळसा आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. तिने फोटो बाहेर आणला, पदराने पुसला आणि खुर्चीत उभा ठेवला. कानावर पेन्सिल नव्हती, म्हणून मला तो आधी ओळखूच येईना.

"बोला," ती म्हणाली.

मी उभा राहून सगळं सांगितलं. बंपरवाल्याचा फोन, 'नको'वरची खूण, न वाचता केलेली सही, आणि नंतर रचलेलं वाक्य. जनीआजीला कमी ऐकू येतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मधेच तिने आमसुलांचं सुपडं बाजूला ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. सानवी जिथे होती तिथेच राहिली, फणी केसांत अडकलेली.

"म्हणजे बाबांनी विचारलं होतं?" ती म्हणाली.

"हो."

"आमच्यासाठी?"

"हो बाळा. विचारलं होतं."

ती खाली बसली आणि रडायला लागली, अगदी लहान पोरांसारखी, मोठ्याने. बारा दिवसांतही ती अशी रडली नव्हती, हे मला जनीआजीने जाताना सांगितलं.

तुळसा मात्र रडली नाही. ती आत जाऊन खिळा आणि हातोडी घेऊन आली. भागोजीचीच हातोडी, मुठीला निळी टेप गुंडाळलेली. फोटो तिने सासूच्या मांडीवर ठेवला, खुर्ची भिंतीशी सरकवली आणि सासऱ्यांच्या फोटोशेजारच्या मोकळ्या जागेचा अंदाज घेतला. खुर्चीचा एक पाय आखूड होता. ती वर चढली, तशी खुर्ची डुगडुगली. मी धरायला पुढे झालो.

"तुमी नको," ती वरूनच म्हणाली. "सानवी, ऊठ गो. तू धर."